मे अखेर गच्चीवरची बाग: काय उपटू, काय छाटू, आणि पावसाळी पेरणी नेमकी कधी?

कुंडीवाली (पुणे)

तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, पश्चिमेचं ऊन, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. पाणी बोअरचं आणि जड आहे, मातीवर आणि कुंड्यांच्या कडांना पांढरे पापुद्रे धरलेत. बहुतेक झाडं १२ इंची ग्रोबॅगमध्ये आहेत. सध्याची अवस्था:

टोमॅटो: फुलं येतात, देठासकट गळतात. एप्रिलपासून फळ धरलेलं नाही.
वांगी: खोड अंगठ्याएवढं जाड, पानं भरपूर, फळं बारीक आणि कडवट.
मिरची: दोन झाडांची पानं वरच्या बाजूला वळलीत, एकाची खाली.
भेंडी: पानांच्या शिरा पिवळ्या, शेंगाही फिकट.
मोगरा: बहर ओसरत आलाय.
गुलाब: फांद्या शेंड्याकडून काळ्या पडून वाळत चालल्यात.
जास्वंद: कळ्यांवर पांढरा कापूस, मुंग्यांची रांग, कळ्या उमलण्याआधीच गळतात.
शिवाय एक कढीपत्ता आणि एक लिंबू.

इमारतीच्या मागे १० बाय ३ फुटांचा जमिनीचा पट्टाही मिळाला आहे. काळी माती आहे आणि पावसात तिथे पाणी साचतं.

यातलं काय ठेवावं, काय काढावं? जुनी माती परत वापरता येईल का? आणि दोडका, कारली, भेंडी, झेंडू हे रोहिणीत लावायचं की मृगाचा पाऊस पडल्यावर?

---

गादीवाफा (सातारा)

आधी काढायचं ते. टोमॅटो आणि भेंडी दोन्ही उपटा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम असली की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, म्हणून फुलं गळतात. खत घालून उपयोग नाही. पाऊस येईपर्यंत जगलीच तर ही थकलेली झाडं करपा रोगाचं घर होतील. भेंडीवर हळद्या आहे, म्हणजे पिवळ्या शिरांचा विषाणू. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. झाड ठेवलंत तर नव्या भेंडीला पहिल्याच महिन्यात तोच रोग लागेल. पुढचं बी ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ घ्या, दोन्ही वाण या रोगाला दाद न देणारे म्हणून काढलेले आहेत, आता मात्र ते पूर्ण खात्रीचे राहिलेले नाहीत. स्वतःच्या रोगट झाडाच्या शेंगांचं बी धरू नका. हा विषाणू बियांतून जात नाही, पण पहिल्या तडाख्यात लोळलेल्या झाडाचं बी पुढे नेण्यात अर्थ काय?

टोमॅटो उपटताना मुळं धुऊन बघा. मुळांवर गाठी असतील तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या. चवळी-गवारीच्या मुळांवरच्या गाठींशी गल्लत करू नका. त्या नत्राच्या असतात, बोटाने चोळल्या की सुटून येतात आणि आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी निघत नाही. अशा पिशवीतल्या मातीत यंदा टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडीवर्गातलं काहीही लावू नका. झेंडू लावा, त्याच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात.

वांगं मात्र ठेवा. जमिनीपासून एक वीत, साधारण ८-९ इंचांवर छाटा. तीन-चार चांगले फुटवे येतील असे डोळे खोडावर शिल्लक राहिले पाहिजेत. वरची दोन इंच माती खरवडून काढून तिथे दोन ओंजळी कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. खोडवा, म्हणजे छाटलेल्या खोडावरची नवी फूट, दीड-दोन महिन्यांत फळाला येतो. कडवटपणा बराचसा उन्हाचा, पाण्याच्या ताणाचा आणि उशिरा तोडण्याचा आहे, झाडाचा दोष नाही. छाटलेल्या फांदीत भोक दिसलं तर शेंडा-फळ पोखरणारी अळी आहे. त्या फांद्या कंपोस्टमध्ये न टाकता बंद पिशवीत उन्हात ठेवा.

मिरचीची पानं वर वळलीत तिथे फुलकिडे, खाली वळलीत तिथे कोळी. दोन्हीला ‘बोकड्या’ म्हणतात आणि दोन्हीवर एकच औषध मारतात, म्हणून निम्म्या वेळा गुण येत नाही. फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क, कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण गंधक ३५ अंशांच्या वर मारलं की पानं भाजतात, आणि नीमतेलाच्या फवाऱ्यानंतर दोन-तीन आठवडे तर अजिबात मारायचं नाही. ढगाळ हवा येईपर्यंत थांबा. तोवर झाड फूटभर उंचीवर छाटा आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा द्या. छाटल्यावर फुटलेली पालवीसुद्धा बारीक, गोळा झालेली आणि पिवळट आली तर तो विषाणू आहे. मग झाड काढा.

मातीबद्दल. जुनी माती फेकू नका. ताडपत्रीवर पसरून ढेकळं फोडा, मुळं वेचा, चार-पाच दिवस कडक उन्हात उलथपालथ करा. त्यात पांढऱ्या अळ्या निघतील. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली आणि पायांवर चालणारी ती हुमणी, ती मारा, मुळं खाते. उताणी होऊन पाठीवर सरकते ती फुलभुंग्याची अळी. ती कुजका पालापाचोळा खाते, तिला कंपोस्टच्या डब्यात सोडा.

पावसाळी मिश्रण उन्हाळी मिश्रणापेक्षा वेगळं हवं. उन्हाळ्यात ओल धरायला तुम्ही कोकोपीट भरपूर घातलं असणार, तेच जुलैत मुळं कुजवतं. जुनी माती दोन भाग, चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळ खत एक भाग, आणि भाताचं तूस किंवा भरड वाळू अर्धा भाग. कोकोपीट घालू नका. १२ इंची पिशवीला, म्हणजे सुमारे २० लिटर मातीला, ५० ग्रॅम निंबोळी पेंड. सगळं खत एकदम घालू नका, जोराच्या पावसात नत्र वाहून जातं. निम्मं आता, निम्मं तीन-चार आठवड्यांनी.

पांढरे पापुद्रे म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. वरची अर्धा इंच माती खरवडून टाका. धुवायला परत बोअरचंच पाणी वापरण्यात अर्थ नाही. पहिले दोन-तीन मोठे पाऊस थेट पिशव्यांवर पडू द्या आणि खालच्या ताटल्या आत्ताच काढून ठेवा. नाहीतर धुतलेले क्षार ताटलीत साचून परत वर ओढले जातात, आणि डासांची सोय होते ती वेगळीच.

---

निशिगंध (नाशिक)

फुलझाडांचं मी सांगते.

मोगऱ्याची भारी छाटणी आत्ता करू नका. ती थंडीत करायची असते, पाणी तोडून आणि पानं काढून. आत्ता फक्त फुलून गेलेल्या फांद्यांचा शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग कापा, पावसाच्या तोंडावर अजून एक लहान बहर मिळेल. कापलेल्या काड्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड, ६ इंची काड्या निवडून खालची पानं काढा आणि निम्म्या वाळू-मातीत लावा. हवेत दमटपणा आला की महिना-सव्वा महिन्यात मुळं धरतात. जास्वंदाच्याही अशाच लागतात. गुलाबाच्या काड्या मात्र आत्ता कुजतात, त्या थंडीत लावा.

गुलाबावर शेंडेमर आहे. काळा भाग संपतो तिथून एक इंच खाली, जिथे आतलं लाकूड हिरवट-पांढरं दिसतं तिथे तिरपा काप द्या. आत तपकिरी रेघ दिसली तर अजून खाली जा. दरवेळी कात्री स्पिरिटने पुसा. कापावर बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. पाच गुलाबांना त्याचा दहावा हिस्साही पुरतो. कलम भरलेल्या जागेच्या खालून फुटलेला जोमदार फुटवा असेल तर तो बुडातून ओढून काढा, तो जंगली खुंटाचा आहे. बाकी झाडाला हात लावू नका. गुलाबाची खरी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. जूनमध्ये मोठी छाटणी केलीत की कोवळी फूट नेमकी काळ्या ठिपक्यांच्या तावडीत सापडते आणि ऑगस्टपर्यंत झाडावर पान उरत नाही.

जास्वंदावर पिठ्या ढेकूण आहे. त्याचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि मित्रकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांचा रस्ता तोडा. कुंडी विटांवर ठेवून विटांच्या पायथ्याशी पाण्याची उथळ ताटली, आणि भिंतीला टेकलेली फांदी असेल तर ती कापा. ज्या शेंड्यांवर कापूस दाट आहे ते बोटभर छाटून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार झोत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीमतेल ५ मिली आणि पातळ साबण १ ते २ मिली प्रति लिटर. क्रम महत्त्वाचा: कोमट पाण्यात आधी साबण, मग तेल, मग घुसळणं. तेल आधी घातलंत तर ते वर तरंगतं. सुरुवातीच्या फवाऱ्यात नुसतं पाणी जातं आणि शेवटी तळाशी उरलेल्या निव्वळ तेलाने पानं करपतात. सात-सात दिवसांनी तीनदा फवारा, कारण अंडी कापसाखाली सुरक्षित असतात आणि पिल्लं नंतर बाहेर येतात.

सदाफुली आणि अडेनियम छताखाली ओढा, दोन्ही संततधारेत बुडातून कुजतात. फुटबॉल लिली असेल आणि फूल येऊन गेलं असेल तर कुंडी रिकामी समजून उकरू नका, पानं आता यायची आहेत.

झेंडूसाठी घाई नको. दसऱ्याच्या तारखेपासून १०० दिवस मागे मोजा, त्या सुमारास बी टाका. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, लावल्यावर फुलायला साधारण दोन महिने. मृगात टाकलेलं बी गणपतीत फुलतं आणि दसऱ्याला झाड थकलेलं असतं. ‘पुसा नारंगी’सारखे उंच वाण याहून बरेच जास्त दिवस घेतात, त्यांना हा हिशोब लागू नाही. पाकिटावरचे दिवस वाचा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. न खुडलेलं झाड एकच मोठं फूल देऊन वाऱ्यात मोडतं.

---

कुंडीवाली (पुणे)

दोघांनाही धन्यवाद. टोमॅटोची मुळं धुतली, दोन पिशव्यांत गाठी आहेत, चोळून निघत नाहीत. त्यात झेंडू जाईल. भाजीच्या पेरणीचं अजून कोणी सांगितलं नाही. शेजारी म्हणतात रोहिणीत टाका, रोपवाटिकावाले म्हणतात १५ जूननंतर.

---

मांडव (ठाणे)

शेजारी बरोबर आहेत. गच्चीवर नळ आहे, कोरडवाहू शेत नाही. रोहिणीत बी टाकलंत तर पाऊस लागेपर्यंत वेलाला आधार सापडलेला असतो. जुलैतल्या अंधाऱ्या आठवड्यात उगवलेलं रोप लांबट, पिवळं आणि लोळणारं होतं. २५ मेनंतर कधीही टाका.

---

गादीवाफा (सातारा)

मांडव, वेलवर्गाबद्दल मान्य. पण सरसकट नको. मेअखेरचे वळीव वेगळे असतात: अर्ध्या तासात तुफान पाऊस, मग चार दिवस ३८ अंश. उघड्या पिशवीत एक सेंटिमीटरवर टाकलेलं बी पहिल्या सरीत वर येतं किंवा कोपऱ्यात वाहून जातं, आणि माती तापून वरून पापडासारखी कडक होते, तिच्याखाली कोंब वळतो. भेंडी आणि गवार रोप करून लावायला आवडत नाही, सोटमूळ दुखावतं. ती पाऊस जरा स्थिर झाला की थेट पेरा. पुण्यात साधारण जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, २ सेंटिमीटर खोल, १२ इंची पिशवीत दोन झाडं पुरे.

मिरचीचं आणि पावसाळी वांग्याचं बी मात्र आत्ताच, छताखाली ट्रेमध्ये. रोप व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. ट्रेमध्ये रोपमर (कोवळी रोपं बुडातून कुजून लोळणं) टाळायची तर पाणी सकाळीच, आणि ओल बोटाला लागेल इतकीच, हाताला चिखल नको.

---

मांडव (ठाणे)

हो, मी वेलांचंच बोलत होतो, लिहायला हवं होतं. वेलांची पद्धत सविस्तर:

कागदी कप घ्या, चहाचे मोठे चालतील, बुडाला तीन भोकं. कारल्याचं कवच जाड असतं. टोकाला नेलकटरने अगदी जरासं छाटा, २४ तास कोमट पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरा कोंब दिसला की कपात, कोंब खाली. दोडका, दुधी, काकडी रात्रभर भिजवून थेट कपात, २ सेंटिमीटर खोल. कप पावसापासून आडोशाला पण उन्हात. दोन-तीन खरी पानं आली, म्हणजे १५ ते १८ दिवसांत, कप फाडून मातीच्या गोळ्यासकट मोठ्या पिशवीत. याहून उशीर केलात तर मूळ कपात गोल फिरतं आणि वेल पुढे कधीच जोर धरत नाही. वेलांच्या रोपांची खरी अडचण हीच असते, म्हणून लोक म्हणतात वेलांचं रोप करू नये. वेळेत हलवलं तर काही होत नाही.

२० लिटरच्या पिशवीत दोडक्याचा किंवा कारल्याचा एकच वेल. दोन लावलेत तर दोन्ही उपाशी. दुधीला ४० लिटर तरी हवं. मांडव वेल लावण्याआधी उभा करा, नंतर खांब रोवताना मुळं तुटतात. नायलॉनच्या जाळीला खालून दर चार फुटांवर आधार द्या. ओल्या पानांचं वजन आणि जुलैतला पश्चिमेचा वारा एकत्र आला की सगळं एका रात्रीत खाली येतं.

वाण: जास्त पावसात काकडीला ‘शीतल’, दोडक्याला ‘कोकण हरिता’, कारल्याला ‘कोकण तारा’. तिन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे.

आता फळ न धरण्याचा प्रश्न, कारण ऑगस्टात तुम्ही तो विचारणारच. पहिले दहा-पंधरा दिवस फक्त नर फुलं येतात, ते ठीक आहे. मादी फुलामागे बोटभर फळ असतं. ते पिवळं पडून गळलं तर परागीकरण झालेलं नाही. संततधारेत मधमाश्या फिरत नाहीत, हाताने करावं लागतं, आणि तिथे वेळ चुकते. दोडक्याचं आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, कारल्याचं, घोसाळ्याचं आणि काकडीचं सकाळी. दुधीवर सकाळी नऊला ब्रश फिरवून काही होत नाही. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. एका नरावर दोन-तीन माद्या होतात.

फळ वाकडं होऊन आतून सडलं आणि टोचल्याची खूण असेल तर फळमाशी. वेलवर्गाच्या माशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा लागतो. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाईल युजेनॉलचा. दुकानदार हातात येईल तो देतात, पुडीवर वाचून घ्या. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून चार-पाच इंचांच्या कोवळ्या फळाला कागदी किंवा जुन्या मलमलीची पिशवी बांधणं हाच घरगुती बागेतला खात्रीचा उपाय.

---

अबोली (रत्नागिरी)

मागच्या पट्ट्याबद्दल कोणी बोललं नाही. कोकणात आमची जांभ्याची माती पाणी धरत नाही, तरी जुलैत सपाट वाफ्यात काही टिकत नाही. तुमची तर काळी माती.

आत्ता, कोरडी आहे तोवर खणा. एकदा भिजल्यावर काळ्या मातीत पाय ठेवलात तर ती दबून विटेसारखी होते, मग दसऱ्यापर्यंत हात लावता येत नाही. ३ फुटांतल्या अडीच फुटांचा गादीवाफा करा, जमिनीपासून ९ ते १२ इंच उंच. माती कुठून आणायची? उरलेल्या अर्ध्या फुटात उताराच्या बाजूने ६ इंच खोल चर काढा, त्यातली वर टाका; तेवढी पुरणार नाही, बाकी बाहेरून आणावी लागेल. चराचं तोंड पाणी जिथे खरंच निघून जाईल तिथे हवं, नाहीतर तो नुसता हौद होतो. बादलीभर पाणी ओतून आत्ताच बघा. १० फुटांच्या वाफ्याला पाच-सहा घमेली कुजलेलं शेणखत. थोडीशी वाळू टाकून काळी माती भुसभुशीत होत नाही, त्याला वाळू मातीइतकीच लागते. त्यापेक्षा पालापाचोळा आणि शेणखत.

तिथे वेल लावू नका, इमारतीच्या मागे ऊन कमी असणार. हळद, आलं आणि वाफ्याच्या खालच्या टोकाला अळू. हळद-आलं आत्ताच, पाऊस लागण्याआधी. दोन डोळे असलेला तुकडा, आल्याचा ३० ते ४० ग्रॅम, हळदीचा ५० च्या आसपास. दोन इंच खोल, डोळा वर, एकमेकांपासून ९ इंच. बाजारातलं आलं धुऊन चकचकीत केलेलं घेऊ नका, कोंब दिसणारं घ्या. तुकडे केल्यावर दोन दिवस सावलीत काप सुकू द्या, मग राखेत घोळवून लावा. ओल्या कापाचं लावलं की कंदकूज ठरलेली. वरून तीन बोटं सुकं गवत किंवा पाचोळा. महिना-दीड महिन्याने बुडाशी मातीची भर द्या, कंद उघडा पडला की हिरवा होऊन वाढ थांबते. पानं जानेवारीत आपोआप पिवळी पडतील, तेव्हाच काढा. मधे उकरून बघू नका, हा मोह सगळ्यांना होतो.

आणि गोगलगायी. पहिल्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या रात्री निघतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्याच्या कडेला टाका, सकाळी उजाडताना उलटी करून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे घाला, मोठ्या शंखी गोगलगायीतून माणसाला परजीवी होऊ शकतात. मीठ थेट मातीवर टाकू नका, गोगलगाय मरेल आणि वाफाही. चुन्याचा किंवा राखेचा पट्टा कोरडा असतो तोवरच चालतो.

---

काळी माती (वर्धा)

सूत्रकृमीच्या दोन पिशव्यांची माती नुसती उन्हात पसरू नका. कोरड्या मातीत उष्णता नीट शिरत नाही आणि अंडी तग धरतात. माती ओलसर करा, मूठ दाबली तर गोळा व्हावी पण पाणी निथळू नये. गच्चीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, वर चार इंचांचा थर, वर परत पारदर्शक प्लॅस्टिक, कडा विटांनी दाबून हवाबंद. काळं प्लॅस्टिक घेऊ नका. ते स्वतः तापतं, माती कमी तापते. जमिनीच्या वाफ्यात याला चार ते सहा आठवडे लागतात, गच्चीवरच्या पातळ थराला त्याहून कमी. तुमच्याकडे नवतपाचे (रोहिणीचे पहिले नऊ) दिवस आणि वर जो काही आठवडा मिळेल तेवढाच आहे, म्हणून आजच करा. शेडनेटच्या बाहेर. सगळे सूत्रकृमी मरणार नाहीत, झेंडूचा बेत तसाच ठेवा.

निंबोळी अर्काचा उल्लेख आला पण कृती नाही. निंबोळ्या आता पडायला लागतात. गर काढून बी सावलीत वाळवा, उन्हात वाळवलं की गुण कमी होतो आणि ओलं ठेवलं की बुरशी. फवारायच्या आदल्या संध्याकाळी ५० ग्रॅम भरड निंबोळी अर्धा लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून पिळून एक लिटर करा, १ मिली साबण. संध्याकाळी फवारा आणि त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ठेवलेल्या अर्काला वास येतो, काम येत नाही.

---

कुंडीवाली (पुणे)

माती ओलसर करून प्लॅस्टिकखाली घातली. दोन शंका. लिंबाच्या पानांवर खैऱ्या रोगाचे फोड आहेत, त्यालाही बोर्डोच का? आणि कंपोस्टमध्ये ट्रायकोडर्मा मिसळलं तर ते रोपांना आणि गुलाबाला एकत्रच देऊन टाकू का? शिवाय शेडनेट कधी काढायची?

---

निशिगंध (नाशिक)

लिंबाला मलम नको, एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. मग घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून चिमूटभर घाला आणि परत बघा. ही चाचणी टाळली की पानं जळतात आणि लोक मोरचुदाला दोष देतात. आधी फोड आलेल्या डहाळ्या कापा, मग फवारा, पाऊस सुरू झाल्यावर उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा.

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे आणि तांबं बुरशी मारतं. त्यामुळे ज्या मातीत ट्रायकोडर्मा घातलं त्यावर बोर्डोचं पाणी ओघळू देऊ नका. गुलाब-लिंबू फवारताना मातीवर प्लॅस्टिक झाका, आणि ट्रायकोडर्मा पंधरा दिवसांनी द्या. रोपांच्या ट्रेला आणि हळदी-आल्याला आत्ता चालेल. किलोभर ओलसर कंपोस्टला ५ ग्रॅम, गोणपाट झाकून सावलीत आठवडाभर. वरून पांढरी-हिरवट बुरशी पसरली की वापरा. उन्हात ठेवलेली किंवा मुदत संपलेली पुडी म्हणजे नुसती भुकटी.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर पावसात पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, पुढे हिरवी होते. फुलपाखराची आहे. मोठं झाड असेल तर राहू द्या, फूटभर रोप असेल तर दोन दिवसांत खराटा करते, उचलून दुसरीकडे ठेवा. कढीपत्ता आता कमरेएवढ्या उंचीवर छाटला तर पावसात दाट फुटेल.

---

गादीवाफा (सातारा)

शेडनेट पहिल्या वळिवाला काढू नका, मागून कडक ऊन येतं आणि सावलीत वाढलेली पानं एका दुपारीत भाजतात. आधी पश्चिमेची बाजू ठेवून वरची अर्धी गुंडाळा, संध्याकाळी. सलग चार-पाच दिवस ढगाळ गेले की पूर्ण काढा. पण वादळाचा इशारा असेल त्या दिवशी ती आधीच सोडून ठेवा. ओली, ताणलेली नेट वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि पाइपांसकट उखडते. पावसाळाभर वर ठेवलेली नेट म्हणजे लांबट वेल आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी).

पिशव्यांची भोकंही तपासा. बहुतेक तयार पिशव्यांना चार बारीक भोकं असतात आणि ती मुळांनी बुजलेली असतात. बुडापासून इंचभर वर, बाजूला, बोट जाईल अशी सहा-आठ पाडा. तळात खडीचा थर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, घालू नका. पाणी खडीच्या वर मातीतच अडकतं, निचरा सुधारत नाही, फक्त मुळांची जागा कमी होते. भोकावर एक खापरी पुरे. पिशव्या विटांवर दोन इंच उचला आणि गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या आणि तुळयांच्या कडेने मांडा. २० लिटरची पिशवी पूर्ण भिजली की तीस किलोच्या घरात जाते. गच्चीच्या जाळीवर पाचोळा अडकला तर पाणी तुंबून खालच्यांच्या छतातून उतरतं, ती जाळी आठवड्यातून एकदा बघा.

---

मांडव (ठाणे)

एक राहिलं. सुका पाचोळा आत्ताच भरून ठेवा, दोन-तीन पोती. जुलैत ओल्या कचऱ्याच्या डब्यात घालायला सुकं काही मिळत नाही, मग डबा चिखल होऊन वास मारतो आणि अळ्या पडतात. एक भांडं ओल्या कचऱ्याला दोन भांडी चुरलेला पाचोळा हे प्रमाण धरा. रस्त्याकडेच्या गुलमोहराची बारीक पानं चांगली, आंब्याची चुरून घाला. उपटलेली भेंडी आणि वांग्याच्या किडक्या फांद्या यात नको. पोती आडोशाला, विटांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. जमिनीवर ठेवलीत तर वाळवी लागते.